दोन गजांवरचा शेजारी

शास्त्र्याने प्रभू येशूला शेजाऱ्याविषयी जो प्रश्न विचारला, तो मी शब्बाथशाळेतील मुलांना किती वेळा शिकवला असेल याची मोजदाद नाही. फळ्यावर यरुशलेमहून यरीहोला उतरणारा रस्ता काढावयाचा, कडेला एक जखमी मनुष्य दाखवायचा, याजक व लेवी पलीकडच्या बाजूने निघून गेले असे खडूने दाखवायचे आणि शेवटी मुलांना विचारायचे, "मग शेजारी कोण झाला?" मुले एका सुरात उत्तर देत, "जो जवळ गेला तो!" मीही समाधानाने खडू खाली ठेवीत असे.

२०२० साली हे उत्तर अडचणीचे झाले. कारण त्या वर्षी जवळ जाणे हीच चूक ठरली. दूर उभे राहा, हात मिळवू नका, कोणाच्या घरी जाऊ नका आणि कोणाला घरी बोलावू नका, असे सरकार सांगत होते, डॉक्टर सांगत होते, आणि तेच खरे होते. पलीकडच्या बाजूने जाणारा याजक तेवढा नियमाप्रमाणे वागणारा ठरला की काय? हा प्रश्न मला तेव्हा छळत होता. आता साथ ओसरून गेली आहे. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचेही जाहीर केले. तरी तो प्रश्न संपलेला नाही, म्हणून तो आज आपणांपुढे ठेवतो.

आमच्या इंदूरची त्या दिवसांची हकीकत वाचकांच्या स्मरणात असेलच. २२ मार्च २०२० रोजी, रविवारी, जनता कर्फ्यू झाला. दिवसभर शहर घरात बसले, आणि संध्याकाळी राजवाड्यासमोर थाळ्या वाजवीत, शंख फुंकीत लोकांची झुंबड उडाली. दिवसभरात जे मिळवले ते एका तासात गमावले. त्याच आठवड्यात शहरात पहिले रुग्ण सापडले आणि २५ मार्चपासून साऱ्या देशाला कुलूप लागले. महिनाअखेरीस तर काही दिवस इंदुरात किराणा व भाजीदेखील बंद होती. सराफ्यातील रात्रीची खाऊगल्ली, छप्पन दुकानांची गर्दी, सकाळचे पोहे-जिलबी, सारे थांबले. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आम्ही घराच्या चार भिंतींत पाळला. मंदिराचे दार बंद, घंटा मुकी, आणि पाळकसाहेबांचा आवाज मोबाईलमधून तुटत तुटत येई.

आमची गल्ली जुनी आहे. ओट्याला ओटा लागलेला. एका घरात फोडणी पडली की तीन घरांत ठसका लागतो. आमच्या समोर एक निवृत्त मास्तर व त्यांच्या पत्नी राहतात. त्यांना सारी गल्ली काकू म्हणते. वीस वर्षे आमच्या घरातून नाताळचा फराळ त्यांच्याकडे जातो व त्यांच्याकडून दिवाळीचा आमच्याकडे येतो. त्यांचा मुलगा औषधाच्या दुकानात कामाला. एप्रिलच्या मध्यास त्याला ताप आला, तपासणी झाली, आणि एका दुपारी रुग्णवाहिका येऊन त्याला घेऊन गेली. संध्याकाळी त्यांच्या दारापुढे बल्ल्या आडव्या बांधल्या गेल्या व दारावर कागद चिकटवला गेला. चौदा दिवस कोणी आत जायचे नाही, कोणी बाहेर यायचे नाही.

त्या रात्री गल्लीतील सगळ्या खिडक्या मिटल्या. माझीही मिटली. वारा तिकडून येतो, असे मी घरात सांगितले. तिसऱ्या दिवशी काकूंनी वरच्या खिडकीतून हाक मारली, "अहो भाऊ, ह्यांच्या साखरेच्या गोळ्या संपल्यात हो!" मी आतल्या खोलीत होतो. हाक मला स्पष्ट ऐकू आली. मी उत्तर दिले नाही. निगमचे लोक बघतील, त्यांच्याकडे यादी असते, आपण मध्ये पडणे बरोबर नाही, असे मी मनाशी म्हटले. माझी पत्नी माझ्याकडे पाहत राहिली; तीही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली. दुकाने बंद असताना इंदूरच्या नगर निगमने घरोघर किराणा पोहोचवण्याची सोय केली होती, आणि सामानाच्या चिठ्ठ्या गोळा करण्याचे काम याच गाड्यांवरील लोकांकडे होते. गाडीवरचा एक तरुण, तोंडाला मुखपट्टी, हातांत मोजे, बल्ल्यांपासून चांगला दोन गज दूर उभा राहिला आणि वर पाहून म्हणाला, "माताजी, कुछ चाहिए क्या?" काकूंनी दोरीने पिशवी खाली सोडली. त्याने चिठ्ठी घेतली, औषधाचे नाव मोठ्याने वाचून बरोबर आहे ना ते विचारले, आणि गाडी पुढे गेली. संध्याकाळी गोळ्या आल्या.

खिडकीच्या फटीतून मी हे पाहिले. वीस वर्षांचा शेजारी मी, आणि नाव माहीत नसलेला तो मुलगा! फळ्यावर मी जो शोमरोनी काढत आलो, तो माझ्या दारासमोरून गेला, आणि याजकाची जागा कोणाला मिळाली हे मला कोणी सांगायला नको होते.

परंतु येथे थांबून नीट विचार करू या. तो तरुणही जवळ गेला नाही. तोही दूरच उभा राहिला. मी जेवढा दूर होतो, जवळजवळ तेवढाच तोही होता. मग त्याच्यात व माझ्यात फरक कशाचा? अंतराचा नव्हे. त्याने विचारले, मी विचारले नाही, एवढाच तो फरक. माझ्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये मास्तरांचा क्रमांक होता. फोनमधून विषाणू येत नाही. मी नुसता फोन केला असता तर कोणता नियम मोडला असता? म्हणजे मी जिला सावधगिरी म्हणत होतो, ती सावधगिरी नव्हतीच. ती भीती होती, आणि तिने सावधगिरीचा अंगरखा घातला होता.

या दृष्टीने शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा आजवर न दिसलेली एक गोष्ट दिसली. त्याने जखमा बांधल्या, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो. परंतु दुसऱ्या दिवशी तो निघून गेला, याकडे आपले लक्ष जात नाही. त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन नाणी दिली, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे सांगितले, व तो आपल्या वाटेने गेला. म्हणजे त्याची निम्मी सेवा दुरून, दुसऱ्याच्या हातांनी झाली. ती काही कमी प्रतीची सेवा नव्हती. उलट, याजक व लेवी यांचा दोष ते रस्त्याच्या पलीकडे होते हा नव्हे. पलीकडे गेल्यावर त्यांनी त्या माणसाशी आपला संबंध संपवला, हा त्यांचा दोष.

जुन्या करारात लेवीयाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत संसर्गाविषयीचे नियम आहेत. ते रूक्ष म्हणून आपण ओलांडून जातो. अंगावर संशयित चट्टा दिसला तर याजकाने त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवावे, सातव्या दिवशी पाहावे, खात्री नसेल तर आणखी सात दिवस ठेवावे. सात आणि सात मिळून चौदा! पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रोगी छावणीबाहेर राहत असला, तर त्याला बरे वाटले की नाही हे पाहण्यासाठी याजकाने स्वतः छावणीबाहेर जायचे आहे. वेगळे ठेवण्याचा जसा नियम आहे, तसा परत आणण्याचाही आहे, आणि तो अधिक लांबीचा व अधिक समारंभाचा आहे. घराबाहेर ठेवलेल्या माणसाकडे कोणी तरी जात राहिले पाहिजे, अशी सोय त्या प्राचीन नियमातही होती. आमच्या गल्लीत बल्ल्या होत्या. जाणारा याजक नव्हता.

आता या अंतराची दुसरी बाजू. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांना दूर उभे राहणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने ते अंगावर सोसले आहे. वरून ओतलेले पाणी, उंबऱ्याबाहेर ठेवलेली भाकरी, सावलीचाही विटाळ! लोकांनी "दो गज की दूरी" म्हणावयास सुरुवात केली तेव्हा आमच्या घरातील एक वृद्ध आत्या पुटपुटल्या, "हे आम्हाला नवीन नाही रे बाबा." त्यांचे म्हणणे मला लागले. काही शहाण्यांनी तर त्या दिवसांत असेही म्हणून घेतले की, पाहा, आमचे जुने सोवळेओवळे किती शास्त्रीय होते! हा विचार वरवर चतुर आहे, पण मुळात खोटा आहे, आणि तो कोठे खोटा आहे हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी समजून घेतले पाहिजे.

हा विषाणू बोलण्या-खोकण्यातून, श्वासातून पसरतो, आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीही माणूस तो दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून धडधाकट माणसानेही मुखपट्टी लावायची होती. साधी कापडी मुखपट्टी लावणाऱ्याचे थोडे रक्षण करते, पण तिचा मुख्य उपयोग समोरच्याला. तिचा अर्थ असा की, "कदाचित रोग माझ्यात असेल, तो तुम्हाला लागू नये." अस्पृश्यतेचा अर्थ याच्या अगदी उलटा आहे: "दोष तुझ्यात आहे, आणि तो जन्माचा आहे; तो मला लागू नये." एकात मी स्वतःवर संशय घेतो, दुसऱ्यात दुसऱ्यावर. एकाला चौदा दिवसांची मुदत आहे, दुसऱ्याला मुदतच नाही. एकात अंतर सर्वांसाठी सारखे आहे, दुसऱ्यात ते काहींच्याच वाट्याला येते. फूटपट्टीने मोजले तर दोन्ही अंतरे सारखीच भरतील. देवाच्या तराजूत ती एक नाहीत.

परंतु, वाचकहो, पहिल्याचे दुसरे व्हायला वेळ लागत नाही. मी खिडकी लावली तेव्हा माझ्या मनात "कदाचित माझ्यात असेल" हा विचार नव्हता. "त्यांच्यात आहे" हाच होता. असेच साऱ्या शहरात घडले. १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखल भागात तपासणीला गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली. ते कृत्य निंद्यच होते. पण काही माणसांनी केलेल्या अपराधासाठी अनेकांनी साऱ्या वस्तीला, साऱ्या समाजाला रोगी व वैरी ठरवून टाकले. त्या पथकातील दोन स्त्री डॉक्टर, एक मराठी आडनावाची व एक मुसलमान, जखमी झाल्या होत्या. त्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामावर गेल्या. ज्यांना दगड लागले त्यांनी वस्ती सोडली नाही. ज्यांना काहीच लागले नव्हते त्यांनी मात्र माणसे वाळीत टाकली. याचा विचार करावा तेवढा थोडा.

यावर कोणी म्हणेल, मग विश्वासणाऱ्याने भीती टाकून सरळ जवळच जावे; देव राखणारा आहे. आमच्याही मंडळीत असे म्हणणारे होते. त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो, पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा सल्ला प्रभूला कोणी दिला होता हे आपण विसरू नये. १५२७ साली विटेनबर्गमध्ये प्लेग आला. विद्यापीठ दुसरीकडे हलले; मार्टिन ल्यूथर मात्र तेथेच राहिले, आणि त्यांच्या घराचेच रुग्णालय झाले. जीवघेण्या साथीतून पळावे की नाही, असे ब्रेस्लाऊच्या योहान हेस या पाळकांनी विचारले होते. त्यांना ल्यूथर यांनी जे सविस्तर पत्र लिहिले, त्यात दोन्ही टोकांना फटकारले आहे. ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी आहे, तो पाळक असो, अधिकारी असो, वैद्य असो की एकट्या आजाऱ्याचा शेजारी असो, त्याने सोडून जाऊ नये. पण औषध न घेणारा, घराला धुरी न देणारा, गरज नसता आजाऱ्यांत मिसळणारा मनुष्य श्रद्धावान नसून देवाची परीक्षा पाहणारा आहे, व त्याच्यामुळे दुसरा मेला तर तो दोषी आहे, असेही ते बजावतात. स्वतः मात्र गरज पडेल तेथे जाण्याची त्यांची तयारी होती.

गरज हाच येथे कळीचा शब्द आहे. ज्याचे काम आहे त्याने जवळ जावे. ज्याचे नाही त्याने दूर राहून त्याचे काम हलके करावे. पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. आमच्या इंदुरात ९ एप्रिल २०२० रोजी डॉ. शत्रुघ्न पंजवानी मरण पावले. या साथीत प्राण गेलेले ते देशातील पहिले डॉक्टर म्हणून ओळखले जातात. अशी माणसे जवळ जात होती म्हणून आमचे दूर राहणे शक्य होते. राजवाड्यासमोर थाळी वाजवून त्यांचे ऋण फिटत नाही.

आणखी एक ऋण आहे. घरात राहणे हे ज्याचे घर आहे, ज्याच्या डब्यात पीठ आहे त्यालाच जमते. मे महिन्यात मुंबई-पुण्याकडून पायी निघालेले मजूर आग्रा-मुंबई रस्त्याने आमच्या बायपासवरून जात होते. डोक्यावर बोचके, कडेवर लेकरू, पायांत फाटकी चप्पल, किंवा तीही नाही. तेथे इंदूरच्या लोकांनी अन्नाची पाकिटे, पाणी आणि चपलादेखील वाटल्या. आमच्या तरुण संघातील काही मुले पोळ्या पोहोचवून आली. सावधगिरीचा सारा उपदेश त्या मजुरांपुढे पोकळ वाटे. ज्याला दूर राहण्याची सोय आहे, त्याच्यावर ज्याला ती नाही त्याचे देणे लागते, एवढे मला त्यातून उमगले.

कचरागाडीवरच्या त्या तरुणाची आठवण झाली की मला या शहराची एक जुनी गोष्ट आठवते. शंभर वर्षांपूर्वी इंदूर प्लेगने गांजले होते. होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानांना बोलावले. त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दिवाळीत एक निराळी मिरवणूक काढवली. ज्या भागातील लोक घरे व रस्ते अधिक स्वच्छ करतील, त्या भागातून ती जाणार होती. राक्षसाच्या जागी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भला मोठा उंदीर होता. आणि त्या मिरवणुकीत शहरातील सफाई कामगार शुभ्र वस्त्रे घालून, फुलांनी सजून मानाने चालले. ज्यांच्या सावलीला लोक भीत, त्यांना रोगापासून शहर वाचवणारे म्हणून पुढे आणले! २०१७ पासून आमचे शहर स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले येत राहिले, याचा आम्हांला अभिमान आहे. पण ते ज्यांच्या हातांनी पहिले आले त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव मला माहीत होते काय? नव्हते. काकूंच्या गोळ्या आणणाऱ्या मुलाचे नाव मी पुढे विचारून घेतले. आता तो आला की त्याला नावाने हाक मारतो. ही फार मोठी गोष्ट नाही; उशिरा सुचलेली आहे.

चौदा दिवस संपले, बल्ल्या निघाल्या, मुलगाही बरा होऊन आला. मी मुखपट्टी लावून त्यांच्या ओट्यासमोर उभा राहिलो आणि काकूंना म्हटले, "त्या दिवशी तुमची हाक मला ऐकू आली होती." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, भाऊ. तुमच्या खोलीतला दिवा दिसत होता. जाऊ द्या. तुमच्याकडे असं झालं असतं तर आम्हीही खिडकी लावली असती." त्यांनी मला दोष दिला असता तर बरे झाले असते. तो दिवा मला अजून आठवतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. ती अधिक भयंकर होती. प्राणवायूसाठी लोक वणवण फिरत होते. खंडवा रोडवर राधास्वामी सत्संगाच्या आवारात मोठे कोविड केंद्र उघडावे लागले. त्या वेळी आमच्या गल्लीत पाच घरे आजारी पडली. तेव्हाही कोणी कोणाच्या घरात गेले नाही. पण रोज सकाळी प्रत्येक बंद दाराला फोन जाई, ओट्यावर डबा ठेवून, कडी वाजवून माणूस मागे सरे, आणि आतून "मिळाला हो" असे आल्याशिवाय तो हलत नसे. पहिला डबा काकूंनी पाठवला, आणि तो आमच्या घरी आला.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आता मी तो धडा थोडा निराळा शिकवतो. मुलांनी "जो जवळ गेला तो" असे म्हटले की मी विचारतो, "आणि जवळ जाता येत नसेल तर?" मग दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट काढतो. ते दुरून ओरडले, प्रभूने त्यांना दूर उभे राहिल्याबद्दल रागावले नाही, पण हाक ऐकून न ऐकल्यासारखेही केले नाही. दुसऱ्या एका रोग्याला त्याने हात लावला. यांना दुरून शब्द दिला. अंतर वेगवेगळे होते, कळवळा एकच. मुलांना मी एवढेच सांगतो की, पुन्हा कधी दूर राहण्याची वेळ आली, आणि ती येईल, तर स्वतःला तीन गोष्टी विचारा: हे अंतर मी कोणासाठी ठेवतो आहे, माझ्यासाठी की त्याच्यासाठी? याला मुदत आहे का? आणि या अंतरावरून माझी हाक त्याला, व त्याची हाक मला पोहोचते आहे का?

तिसऱ्या प्रश्नाशी माझा आवाज थोडा अडखळतो. मुलांना त्याचे कारण ठाऊक नाही. आपणांस सांगितले आहे.